भिवंडीहून वाशीला काय आणायचं?

गणपती आठवड्यावर आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक लागते. मंडळांचे अध्यक्ष, आजी-माजी नगरसेवक, मशिदीचे विश्वस्त, दोन-चार प्रतिष्ठित. चहा-बिस्किटं, डीजेवरून तंबी, मिरवणुकीचा मार्ग, ‘सर्वांनी सहकार्य करावं’ आणि शेवटी फोटो. वाशीत होते तशी वाशिमलाही होते. तिला नावं ठेवायचं कारण नाही, मिरवणुकीची वेळ ठरवायला ती पुरते. पण हिंसा रोखण्यासाठी लोकांना पोलिसांशी जोडणं म्हणजे अशी बैठक घेणं, असा समज पक्का झाला आहे. त्यामुळे कुठे एखादा प्रयोग यशस्वी झाला की आपण तिथली बैठक तेवढी उचलून आणतो. हे कसं घडतं ते भिवंडीवरून चांगलं कळतं.

भिवंडी नवी मुंबईतल्या वाशीपासून फार लांब नाही. यंत्रमागांचं, दाट वस्तीचं, परप्रांतीय मजुरांचं गाव. १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भीषण दंगल झाली, १९८४ साली पुन्हा झाली. ‘भिवंडी’ हे नावच दंगलीचं दुसरं नाव होऊन बसलं होतं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. सत्तरच्या आसपास. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान सारखेच, आणि माणसं त्या-त्या गल्लीतली. कमिटीशी त्या भागातला पोलीस कायमचा जोडलेला. सण असो-नसो, कमिटी बसायची.

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबई पेटली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून सुमारे ९०० माणसं मेली, असं श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. भिवंडी शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झाली होती आणि गुलाबराव पोळ त्यांच्या जागी होते. म्हणजे तेव्हा तरी हा एका साहेबाच्या हुशारीचा खेळ उरला नव्हता, माणूस बदलूनही काम चालू होतं. ही बाब लोक सहसा सांगत नाहीत, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आता बघा, त्या रात्रींत नेमकं काय कामाला आलं असेल. दंगलीला दगडांच्या आधी बातमी लागते. ‘त्या बाजूला कापाकापी झाली’, ‘ट्रक भरून माणसं येताहेत’. मोबाइल नसलेल्या त्या काळात ही बातमी खरी की खोटी हे ठरवायचं तर त्या बाजूला आपल्या ओळखीचा, ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा असा माणूस लागतो. आणि मध्यरात्री ज्याला नावाने हाक मारता येईल असा हवालदार लागतो. ही ओळख मध्यरात्री करून घेता येत नाही. नळावरची भांडणं, गटाराच्या तक्रारी, पोरांच्या मारामाऱ्या असल्या बिनमहत्त्वाच्या विषयांवर एकत्र बसूनच ती होते. म्हणजे कमिटीचं खरं काम तिच्या इतिवृत्तात सापडणारच नाही. तिथे गटार सापडेल.

ही ओळख फुकट मिळत नाही. तिच्यासाठी सरकारी पगारातले तास खर्च होतात. हवालदार गल्लीत फिरतो तेव्हा तो दुसरं काही करत नसतो. भिवंडीच्या प्रयोगात नवी गोष्ट कोणती होती, तर हे तास ‘ड्युटी’ म्हणून धरले गेले. प्रयोग मोठा करायची वेळ आली की नेमकी हीच गोष्ट गळते, कारण ती दिसत नाही. कमिटी दिसते. सदस्यांची यादी करता येते, ती वरिष्ठांना पाठवता येते, आकडा वाढवता येतो.

दंगलीनंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या. पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे ही त्यामागची माणसं. त्यांनी मनापासून काम केलं, पोलीस आणि वस्त्यांतल्या पोरांचे क्रिकेटचे सामनेही भरवले. पण इथला बराचसा भार स्वयंसेवी मंडळींवर होता. पुढे १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ती एकदम राज्यभर गेली. ग्रामसभेतून समिती, मिटवलेल्या तंट्यांना गुण, गुणांवर बक्षीस. अनेक गावांत बांधाबांधावरची जुनी भांडणं खरोखर मिटली, ते नाकारता येणार नाही. पण मिटवण्याला गुण असले की न मिटवण्याजोगं भांडणही मिटवलं जाण्याची भीती असते. नवऱ्याने मारलेल्या बाईची तक्रार हा ‘तंटा’ नव्हे, आणि तडजोड हा त्यावरचा उपाय नव्हे.

आणि भिवंडीत? जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगत पोलीस ठाणं बांधण्यावरून तिथेच हिंसाचार झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले, जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. १९९२ साली ज्या गावाने पोलिसांच्या साथीने शांतता राखली, तिथे चौदा वर्षांनी भांडण थेट पोलिसांशीच होतं. प्रयोग दुसरीकडे नेताना जे गळतं, ते जागच्या जागीही गळू शकतं. हवालदार बदलतात, गल्लीत नवी माणसं येतात, ओळख दर काही वर्षांनी नव्याने करावी लागते.

अमेरिकेतही हेच दिसतं. शिकागोत वस्तीतल्याच माणसांना पगारी मध्यस्थ म्हणून नेमून गोळीबार रोखण्याचं काम सुरू झालं, ते गाजलं. त्याच वळणाचं काम बाल्टिमोरने हाती घेतलं, तर एकाच शहरातल्या वेगवेगळ्या वस्त्यांत वेगवेगळे निकाल आले.

मग काहीच मोठं होत नाही का? होतं, पण सावकाश आणि आतून. घरातल्या हिंसेपुरतं ‘दिलासा’चं उदाहरण आहे. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २०००-०१ च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हे केंद्र काढलं. विचार साधा होता. मार खाणारी बाई पोलीस ठाण्यात जाईल न जाईल, दवाखान्यात येतेच, आणि ‘दवाखान्यात जाऊन येते’ म्हणणं तिला घरात त्यातल्या त्यात सोपं जातं. केसपेपरवर ‘जिन्यावरून पडली’, ‘चुकून विषारी औषध पोटात गेलं’ असं लिहिलेलं असतं. त्यापुढचा प्रश्न विचारायला नर्सना, डॉक्टरांना शिकवायचं. शिकवणारे रुग्णालयातलेच कर्मचारी तयार केले गेले. काही वर्षांनी संस्था बाजूला झाली, केंद्र रुग्णालयाचं झालं. त्यानंतर ते मुंबईतल्या महापालिकेच्या अकरा रुग्णालयांत गेलं. वांद्र्यापासून तिथवर यायला दशकाहून जास्त काळ लागला. मला हा वेग योग्य वाटतो.

वाशीचं बघायचं तर सेक्टर १० मधल्या महापालिका रुग्णालयात ‘दिलासा’ची रीत आणणं तुलनेने सोपं. मध्यरात्री हात मोडून आलेल्या बाईला नवऱ्याला बाहेर बसवून प्रश्न विचारणं हे कुठल्याही अपघात विभागात करता येतं, फक्त ते कुणाच्या तरी कामाच्या यादीत हवं.

मोहल्ला कमिटी इथे आणणं जास्त अवघड. कारण मोहल्ला कुठला धरायचा? सेक्टर? सोसायटीच्या गेटाआतले लोक एकमेकांना पार्किंगच्या भांडणापुरते ओळखतात. वाशीच्या एपीएमसी बाजारात तर माणसं रात्री गाड्यांबरोबर येतात, भाजीचा व्यवहार उजाडायच्या आत रंगात असतो. माथाडी कामगार पाठीवर गोणी वाहतात आणि राहायला कोपरखैरणे, घणसोलीला जातात. संध्याकाळी सहाला सभागृहात बैठक ठेवली, तर व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी येतील, माथाडी येणार नाहीत, ट्रकचा क्लीनर तर नाहीच. इथली कमिटी बसवायची तर पहाटे चारला, भाजी बाजाराच्या गेटाजवळ.

आणि तिथे जो हवालदार बसेल, त्याला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामना आहे, मंत्र्यांचा दौरा आहे, मोर्चा आहे म्हणून उठवून बंदोबस्ताला नेता कामा नये. तेवढ्या वेळेला बाजारातच थांबण्याचा लेखी आदेश ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी सदस्यांची यादी करायला घेता येईल.