ऐकणारी आई



मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, हा प्रश्न पालकांच्या बैठकीत हमखास निघतो. १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीदिवशी, शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, तेव्हाही निघतो. मग कोणती पुस्तकं घ्यावीत, कोणत्या वयात काय द्यावं, यावर चर्चा होते. पुस्तकं हवीतच. पण माझ्या आईला आठवलं की वाटतं, वाचणाऱ्या लेकराला त्याआधी एक ऐकणारं माणूस हवं असतं.

आई आता नाही. घनसावंगी तालुक्यातल्या शेतकरी घरात तिचं सगळं आयुष्य गेलं. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. तिचं शाळेचं वय त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. गावात मुलींना शाळेत घालणारी घरं तेव्हा मोजकीच होती. ती चौथीपर्यंत शिकली आणि तेवढ्यावर तिनं जन्मभर वाचलं. किराणा ज्या कागदात बांधून यायचा, तो कागद आधी वाचून व्हायचा, मगच चुलीपाशी जायचा.

पण तिनं आम्हाला “वाचा, वाचा” असं कधी म्हटलं नाही. ती तुरीची डाळ सुपात घेऊन निवडायला बसायची आणि म्हणायची, “वाच बरं, ऐकते मी.” बालभारतीनं १९७१ साली ‘किशोर’ मासिक सुरू केलं. ते शाळेत यायचं आणि गुरुजी एका दिवसाच्या बोलीवर घरी न्यायला द्यायचे. मी गोष्ट वाचू लागलो की तिची बोटं सुपातले खडे वेचत राहायची, पण कान माझ्याकडे असायचे. कंटाळून मी मधलाच एखादा परिच्छेद गाळला, तर तिच्या लगेच ध्यानात यायचं. “आत्ता तर तो नदीच्या अलीकडं होता, पलीकडं कसा गेला? मागून वाच.” मला मग मागून वाचावं लागे. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, कोण कोणाशी बोलतंय हे आवाजातून कसं कळू द्यायचं, हे सगळं मी त्या सुपासमोर शिकलो.

बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. घरात मिलोच्या भाकरी असायच्या. संध्याकाळी तिचे हात इतके ठणकायचे की तिला पुस्तक धरवत नसे. ते वर्ष सगळं माझ्या आवाजात गेलं. दिवसभर दगड फोडून आलेल्या बाईला गोष्ट का ऐकावीशी वाटते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आज कळतं. दिवसभर मुकादमाचं आणि पोटाचं ऐकून झाल्यावर तिला स्वतःसाठी काहीतरी ऐकायचं असायचं.

श्रावणात गावात पोथी लागायची. एक जण वाचणार, दुसरा अर्थ सांगणार आणि बायका भिंतीला टेकून ऐकणार. श्रीधरस्वामींचे हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत हे ग्रंथ गावोगावच्या निरक्षर माणसांनासुद्धा ठाऊक झाले ते असे कानावाटे. आमच्या भागात ऐकण्याला कधी कमी मानलं नाही. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाचीच, आणि दासबोधाच्या चौथ्या दशकातला पहिला समासही तिच्यावरच आहे.

दासबोधाचा विषय निघाला की घनसावंगीच्या माणसाला जांब आठवणारच. समर्थ रामदासांचा, म्हणजे मूळच्या नारायणाचा, जन्म १६०८ साली या तालुक्यातल्या जांब गावी झाला. बोहल्यावरून निघून गेलेला नारायण कितीतरी वर्षांनी घरी परतला, तोवर आई राणूबाईंची दृष्टी गेली होती, असं परंपरा सांगते. पुढची आख्यायिका दृष्टी परत आल्याची आहे. मला मात्र तिच्या शेजारची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्या मुक्कामात त्यांनी आईला कपिलगीता सांगितली. भागवतातल्या कपिलमुनींनी आपल्या आईला, देवहूतीला, केलेला तो उपदेश. इतकी वर्षं तप आणि तीर्थाटन करून आलेल्या मुलासमोर ऐकायला बसली ती त्याची म्हातारी आई.

त्याच दासबोधात एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी लेखन कसं करावं, हे समर्थ सांगतात. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. शेवटी शेवटी आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. पोथी उजेडाकडे धरून, एकेक ओळ बोटानं धरत ती वाचायची. खराट्याची काडी ही तिची खूण. ती काडी कितीतरी दिवस एकाच पानात राहू लागली, तेव्हा मी समजलो आणि पुन्हा मोठ्यानं वाचायला बसलो. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून तपासण्यांचे कागद वाचायला लागलो, तर म्हणाली, “ते डॉक्टर वाचतील. तू गोष्ट वाच.”

अशा आया गावागावात आहेत. नजर मंदावली, छापील अक्षर लागत नाही, आणि घरातली लेकरं कामाला शहरात गेलेली. आपल्या राज्यात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्यामुळे अनेक गावांत वाचनालय आहे, पुस्तकांची कपाटं आहेत. या बायका मात्र तिथवर पोचत नाहीत. वाचनालयानं दुपारी तासभर कोणी वाचून दाखवण्याची सोय केली, तर खर्च जवळजवळ काहीच नाही. वाचायला शाळेतली पोरं बसवावीत. त्यांनाही ऐकणारं माणूस मिळेल.

आई गेल्यानंतर आमच्या गल्लीत मी हे सुरू केलं. चार-पाच जणी येतात, कोणी वाती वळत, कोणी शेंगा फोडत. मला वाटलं होतं, पोथीच मागतील. आधी त्यांना वर्तमानपत्रातला कापसाचा भाव हवा असतो, मग पावसाची बातमी, मग गोष्ट. परवा एकीनं विचारलं, ज्यानं ही गोष्ट लिहिली त्याचं आणखी एखादं पुस्तक मिळेल का? मी जालन्याहून मागवलं आहे.