विचारणाऱ्या आजी

मिलमध्ये प्रत्येक ताक्यावर साच्याचा नंबर असतो. डाग दिसला की जॉबर थेट माझ्यापाशी. मालकाला आपण रोज जाब देतो. आणि चळवळीत?

गेल्या जयंतीला कुंभवलीच्या आमच्या वस्तीतली वर्गणी माझ्याकडं होती. हिशेब तीन महिने दिला नाही. वाटायचं, पैसा खाल्ला नाही, मग हिशेब कशाला? एका आजींनी विचारलं तर भडकलो, "माझ्यावर संशय घेता?" त्या दिवशी मीही पुढारी झालो.

राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं. आपण त्यांची मिरवणूक काढतो नि गल्लीतल्या दादाची भक्ती करतो. पँथर १९७२ ला उभी राहिली, १९७४ ला फुटली, १९७७ ला बरखास्त झाली. कारणं पुष्कळ. पण प्रश्न विचारायचा दिवस ठरलेला नसला की प्रश्न फूट होऊनच बाहेर येतो, असं मला वाटतं.

बुद्धाच्या संघात तो दिवस होता. वर्षावास संपला की पवारणा. थोरला असो की नवखा, प्रत्येक भिक्खू संघाला म्हणायचा, माझं चुकलेलं दिसलं, ऐकलं, नुसता संशय आला तरी सांगा. खुद्द बुद्धानंही विचारलं. त्यानं तो लहान झाला नाही.

दोस्तांनो, पुढाऱ्यांच्या नावानं बोंब नंतर मारू. आधी आपली वही उघडू. मी विहारात उघडली, आजींना पुढं बसवून. साडेतीनशेचा मेळ लागला नाही. पगारातून भरले. प्रामाणिक होतो की मी!