खिडकीत बसलेला मुलगा

वाचकहो, प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायातील युतुखाची हकीकत आपल्या परिचयाची आहे. त्रोवस येथे तिसऱ्या मजल्यावरच्या माडीत मंडळी जमली होती. दिवे पुष्कळ होते. पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले आणि खिडकीत बसलेला हा मुलगा झोपेच्या भरात खाली कोसळला. भाषांतरकाराला येथे एक अडचण येते. नवव्या वचनात लूक त्याला ‘नेआनियास’ म्हणतो, म्हणजे तरुण; तीनच वचनांनंतर त्याच्याचसाठी ‘पाइस’ म्हणतो, म्हणजे बालक. (या शब्दाचा अर्थ चाकर असाही होतो, पण तो वाद येथे नको.) दोन्हीकडे एकच मराठी शब्द योजला तर वाक्य गुळगुळीत होते खरे, तरी हा खडबडीतपणा राहू द्यावा, असे माझे मत आहे. खिडकीत बसतो तेव्हा तो तरुण असतो आणि उचलून घ्यावे लागते तेव्हा बालक ठरतो. पंधरा-सोळा वर्षांच्या वयाचे याहून खरे वर्णन मला ठाऊक नाही.

हीच अडचण आपल्या कायद्यालाही पडली आहे. जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या बाल न्याय कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले. पण अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असलेला सोळा वर्षांवरील मुलगा प्रौढाप्रमाणे खटल्याला उभा करावा की नाही, हे बाल न्याय मंडळाने तपासून ठरवावे, अशीही तरतूद केली. ८ सप्टेंबर २०१७ रोजी गुरुग्राममधील एका शाळेत सात वर्षांच्या मुलाची हत्या झाली, तेव्हा या तरतुदीची कसोटी लागली. पोलिसांनी प्रथम बसच्या वाहकाला पकडले व त्याने कबुली दिल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याच शाळेतील अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतले. परीक्षा पुढे ढकलली जावी म्हणून हे घडले, असा त्या विभागाचा आरोप होता. पुढे वाहक आरोपमुक्त झाला. विद्यार्थ्याला प्रौढ मानावे की बालक, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २०२२ मध्ये त्या न्यायालयाने ही तपासणी किती नाजूक आहे हे सांगून ती नव्याने करण्याचा आदेश कायम ठेवला.

दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आपल्यापुढचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. परीक्षेच्या, मारहाणीच्या किंवा नुसत्या एकटेपणाच्या भयाने ग्रासलेला कोणताही सोळा वर्षांचा मुलगा अथवा मुलगी सायंकाळी सात वाजता कोणाकडे जाऊ शकते? गुरुग्राममध्ये उंच इमारतींच्या फाटकांवर पहारेकरी असतात आणि फाटकाबाहेर चक्करपूर, नथुपूर, सिकंदरपूर अशा जुन्या गावांतून भाड्याच्या खोल्यांच्या रांगा लागलेल्या आहेत. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे तेथे राहतात आणि इमारतींतली धुणीभांडी, पहारा, मोटारी सांभाळतात. आई दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करीत असते त्या वेळी तिचा मुलगा रस्त्यावर असतो. आणि ज्या घरी ती स्वयंपाक करते तेथला मुलगा दार लावून मोबाईलसमोर बसलेला असतो. यांपैकी एकाला आपण ‘वाट चुकलेला’ म्हणतो व दुसऱ्याला ‘हुशार पण अबोल’. खिडकीत दोघेही आहेत.

अशा मुलांसाठी मुक्तद्वार केंद्र हा उपाय नवा नाही. डॉन बॉस्को १८४१ च्या सुमारास तुरीनच्या तुरुंगांत जाऊ लागले, तेव्हा सुटलेली मुले पुन्हा तेथेच परततात हे त्यांनी पाहिले. त्यांनी मुलांना रविवारी एकत्र जमवले. शेजाऱ्यांनी गोंगाटाची तक्रार केली, की जागा बदलावी लागे. १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात एक साधी पडवी मिळाली तेव्हा कोठे ही भटकंती थांबली. त्यांच्याच परंपरेतील सालेशियन बंधूंनी १९८७ मध्ये मुंबईत वडाळ्याला रस्त्यावरच्या मुलांसाठी दार उघडले. बाल न्याय कायद्यातही ‘खुला निवारा’ या नावाने वस्तीजवळच्या, अल्पकाळच्या आसऱ्याची सोय आहे. आत काय असावे? पाणी, कॅरम, मोबाईल भारित करण्याची सोय, थोडे खाणे आणि मुलाचे नाव लक्षात ठेवणारे एक मोठे माणूस. शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मिळ आहे.

आता खरा नैतिक प्रश्न येतो. त्या मुलाने बदल्यात काय द्यावे? गुरुग्राम हे नाव गुरू द्रोणाचार्यांच्या आख्यायिकेवरून आले आहे. त्या कथेत दारातून परत पाठवलेला एक मुलगा आहे, एकलव्य. त्याला विद्या दिली नव्हती, तरी दक्षिणा म्हणून अंगठा मागितला गेला. आपण अंगठा मागत नाही. आपण हजेरी मागतो, पश्चात्तापाची साक्ष मागतो, देणगीदारांना पाठवायला छायाचित्र मागतो, आणि कधी कधी रविवारी उपासनेला येण्याचे वचन मागतो. मार्च २०२२ मध्ये हरियाणा विधानसभेने धर्मांतरविरोधी कायदा संमत केला. त्यात अल्पवयीनांबाबत अधिक कडक शिक्षा आहे. या कायद्याविषयी आपली मते काहीही असोत, भुकेल्या मुलाला भाकरीबरोबर अट घालणे हे कायदा नसता तरी अयोग्यच ठरले असते. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या होकाराला किंमत नाही.

यावर कोणी म्हणतील, ‘मग शिस्तीचे काय? मुले येतील, खातील आणि जातील.’ होय, काही जातील. मार्काच्या दहाव्या अध्यायात धनवान मनुष्य दुःखी होऊन निघून जातो. त्याने उत्तर देण्यापूर्वीच प्रभू त्याच्याकडे निरखून पाहतो व त्याच्यावर प्रीती करतो. मूळ क्रियापद ‘एम्ब्लेपो’ आहे. त्यात केवळ पाहणे नाही, आत पाहणे आहे. प्रभू त्याच्यासाठी अट सैल करीत नाही आणि त्याच्या मागे धावतही नाही.

नियम अवश्य असावेत: आत नशा नाही, शस्त्र नाही, मारहाण नाही. एक नियम मोठ्यांसाठीही आहे व तो अवघड आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचार कळला तर तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून ‘तू सांग, मी कोणाला सांगणार नाही’ हे वाक्य केंद्रातल्या कोणीही उच्चारू नये. विश्वास मिळवण्यासाठी खोटे वचन देणे हाही एक सौदाच आहे. मुलीने तोंड उघडण्यापूर्वीच तिला सांगावे, की काही गोष्टी मला पुढे न्याव्या लागतील, पण तेथवर मी तुझ्याबरोबर येईन. कदाचित ती त्या दिवशी गप्प राहील आणि उठून जाईल. आठवड्याने परत आली, तर काय घडणार हे जाणून आलेली असेल.

युतुख पडल्यावर पौल भाषण थांबवून खाली उतरला आणि त्याने त्याला कवटाळले. माडीवर बसूनच त्याने प्रार्थना केली असती तर कोणी दोष दिला नसता.

आपल्या पुष्कळ मंडळ्यांची सभागृहे सोमवार ते शनिवार कुलूपबंद असतात. त्यांची चावी कोणाकडे असते, आणि सायंकाळी सहा ते नऊ तेथे बसायला आठवड्यातून दोन दिवस कोण तयार आहे, हे येत्या रविवारी उपासनेनंतर आपापल्या पाळकांना विचारावे, एवढीच वाचकांना विनंती.