दृष्टीची अहिंसा



हाताने कोणाला मारू नये, वाणीने दुखवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण डोळ्यांनीही हिंसा घडते का? पूर्वी हा प्रश्न शास्त्रचर्चेपुरता असे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, फोनला डोळा आहे, आणि त्या डोळ्याने टिपलेले क्षणात गावभर होते. रस्त्यावरच्या माणसाचा फोटो काढताना आपण त्याचे दर्शन घेतो, की त्याची वस्तू करतो?

यंत्राला दोष देऊन सुटता येत नाही, निदान आम्हा कोल्हापूरकरांना तरी नाही. आमच्या खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचाच मानस्तंभ उभा आहे. बाबूराव पेंटरांनी याच नगरीत स्वतः कॅमेरा घडवला. १९२० साली त्यांनी ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावलेल्या शेतकऱ्याचे दुःख दाखवले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले-फत्तेलाल यांनी पुढे १९३६ साली प्रभातसाठी ‘संत तुकाराम’ केला. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनाही तुकोबारायांचे चरित्र त्यात डोळ्यांनी पाहता आले. यंत्र तेच असते. तपासायचा असतो तो यंत्रामागचा डोळा.

पहाटे गंगावेशीत जाऊन पाहा. म्हैस उभी असते, समोर धार काढली जाते, फेसाळ दुधाचा पेला तसाच गिऱ्हाइकाच्या हाती जातो. परगावचे पाहुणे हौसेने फोटो काढतात. त्यात वावगे काही नाही. पण कोणी म्हणतो, “मामा, इकडं बघा,” “मामा, अजून एकदा धार सोडा.” मामा ऐकतो, म्हैस बिचकते, मागचे गिऱ्हाईक खोळंबते. फोटो मिळाला की मंडळी पुढे जातात, दूध प्यायचेही राहून जाते. मामाच्या हाती काय आले?

हा झाला लहान दृष्टांत. मोठा दृष्टांत २०१९ च्या ऑगस्टमधला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर चढले. चिखली, आंबेवाडीची माणसे नावांतून बाहेर काढावी लागली. त्या दिवसांतले फोटो गावोगाव पोचले आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून धान्य, कपडे, अंथरुणे घेऊन गाड्या आल्या. हे त्या फोटोंचे पुण्य आहे, ते नाकारू नये. पण त्याच वेळी पाण्याच्या काठाशी केवळ पूर पाहायला आलेली गर्दीही होती. ओलेत्या बायाबापड्या पदराने तोंड झाकत उतरत होत्या, तरी फोन वरच. एकाने टिपले ते दुसऱ्याला हाक मारण्यासाठी. दुसऱ्याने टिपले ते ‘मी तिथे होतो’ हे सांगण्यासाठी. समोरचे दुःख एकच, पण पाहणे दोन प्रकारचे.

ज्ञानेश्वर माउलींनी या पाहण्याचा विचार सातशे वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना ते हात, पाय, वाणी यांच्याबरोबर दृष्टीचीही अहिंसा सांगतात. भूतमात्रात परमात्मा आहे, आपली नजर त्याला रुपेल की काय, या भयाने तो पुरुष सहसा कोणाकडे रोखून पाहतच नाही. आणि कधी आतल्या कृपेने डोळे उघडून पाहिलेच, तर चंद्रातून निघणाऱ्या धारा दिसत नाहीत, पण चकोराचे पोट भरते, तसे त्या पाहण्याने प्राण्यांचे होते. कासवी नुसत्या नजरेने पिले पोसते म्हणतात. माउली म्हणतात, या नजरेची सर तिलाही नाही. म्हणजे कसोटी अशी: माझ्या पाहण्याने समोरच्याचे काही भरले, की त्याच्यातले काही कमी झाले?

कोणी विचारील, “बुवा, आपणही पंढरीला जाऊन देवाचे रूप डोळ्यांत साठवतोच ना? तेही घेणेच नाही का?” शंका रास्त आहे. पण देवाचे रूप घेताना घेणारा वाकतो, लहान होतो. समचरणांपासून नजर हळूहळू वर जाते. आमच्या अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळता सूर्य महाद्वारातून आत येतो, तोही आधी आईच्या चरणांना स्पर्श करतो आणि मग दिवसागणिक वर चढत मुखापर्यंत पोचतो. शिवाय दर्शन एकतर्फी नसते. देवाने आपल्याला पाहावे म्हणूनही आपण तिथे उभे असतो. फोनचा डोळा लावून माणसाकडे पाहणारा मात्र त्याला आपल्याकडे पाहूच देत नाही; स्वतः आडोशाला उभा राहतो.

आषाढीला कोल्हापुरातून नंदवाळला पालखी निघते, पुईखडीला रिंगण होते. एखाद्या आजीच्या भेगाळलेल्या टाचांचे फोटो दहाजण काढतात. आजीच्या पायात काटा आहे का, हे त्यांतला किती जण विचारतो? आपल्या संप्रदायात लहानथोर एकमेकांच्या पायी लागतात. मला तो पाहण्याचाच संस्कार वाटतो. ज्याला पाहिले त्याच्यापुढे वाकायचे, मग तो कोणी का असेना.

म्हणून एवढेच सांगणे आहे. फोटो जरूर काढा, पण आधी विचारा. काढल्यावर त्या माणसाला दाखवा. दाखवायची लाज वाटत असेल तर तो फोटो पुसून टाका. जो विचारण्याच्या अवस्थेत नाही, म्हणजे तान्हे मूल, बेशुद्ध पडलेला, तिरडीवरचा, त्याचा नकारच समजा. त्याला मदत मिळवून देण्यासाठीच लागला तर तेवढा अपवाद. आणि ज्याच्या दुःखाने तुमचा डोळा उघडला, त्याच्यासाठी हातही उघडा. येत्या वारीत आजीच्या पायांचा फोटो काढावासा वाटला, तर आधी त्या पायांना हात लावा. मग आजीच सांगेल काढू की नको ते.

रामकृष्ण हरी.