द्रव्यदान आणि दिवसाचे दान

दानाच्या फलकावर रुपये लिहिले जातात, दिवस नाहीत. आयकरातील सूटही द्रव्यासच मिळते, श्रमास नव्हे. परंतु धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाडा पाहावा. १९९० च्या दशकापासून चैत्राम पवार व ग्रामस्थांनी वृक्षतोडीस दंड ठेवून, श्रमदानाने बांध घालून चारशेहून अधिक हेक्टर वन राखले. २०२५ मध्ये पवारांस पद्मश्री मिळाली. या श्रमाचे मोल मजुरीच्या दराने काढता येईल, पण ते अपुरेच. धनिकाचे द्रव्य पुन्हा येते. मजुराने दिलेला दिवस म्हणजे त्याची त्या दिवशीची चूलच होय! यास्तव जळगाव-धुळ्याच्या वासनिकांनी आश्रमाच्या वहीत द्रव्याशेजारी दिवसही लिहावेत, आणि रोजंदारीच्या माणसाचा दिवस घेण्यापूर्वी त्याच्या घरी शिधा पोचवावा.