पहिला मेसेज आणि येडाईची कथा



घरच्यांनी स्थळ सुचवलंय, नंबर मिळालाय, आणि पहिला मेसेज काय टाकायचा इथंच गाडी अडलीय? आजचं चिंतन तुमच्यासाठी.

येरमाळ्याच्या डोंगरावरच्या येडेश्वरीची कथा आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. सीतेच्या शोधात राम व्याकूळ होऊन फिरत होता. त्याची परीक्षा बघायला पार्वती सीतेचं रूप घेऊन समोर आली. रामानं क्षणात ओळखलं आणि तिला वेडी आई म्हटलं. तीच आपली येडाई.

साक्षात जगदंबेनं घेतलेलं सोंगही टिकलं नाही. मग फिल्टर लावलेला डीपी, फुगवून सांगितलेलं पॅकेज आणि न वाचलेली पुस्तकं किती दिवस टिकणार? नातं आयुष्यभराचं जोडायचंय, आणि त्याचा पायाच खोटा.

आणखी एक बघा. सोंग ओळखल्यावरही राम 'आई'च म्हणाला. आपण मात्र स्क्रीनशॉट काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकतो!

मग चांगली छाप पाडूच नये का? जरूर पाडावी, पण हनुमंतासारखी. वाल्मीकि रामायणात, किष्किंधाकांडाच्या तिसऱ्या सर्गात, तो भिक्षूच्या वेषात राम-लक्ष्मणांना भेटतो. वेष बदललेला आहे, पण त्याच भेटीत तो स्वतःहून सांगून टाकतो: मी हनुमान, वानर आहे, सुग्रीवानं पाठवलंय, त्याला तुमची मैत्री हवी आहे. राम लक्ष्मणाजवळ त्याच्या बोलण्याचं कौतुक करतो. इतकं बोलला, पण एक शब्द चुकीचा नाही. उगाच लांबण नाही, अडखळणं नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला यात हँडशेक दिसतो. सुरक्षित कनेक्शनमध्ये आधी ओळख पटते, डेटा नंतर जातो. ओळख खोटी निघाली की कनेक्शन तिथंच तुटतं.

गीतेच्या 17व्या अध्यायातल्या 15व्या श्लोकात वाणीचं तप सांगितलंय. सेंड दाबण्याआधी त्यातलेच प्रश्न स्वतःला विचारायचे: हे खरं आहे का? समोरच्याला टोचणार तर नाही ना? गोड आहे, पण त्याच्या हिताचंही आहे का?

आज एवढंच करून बघा. आपलं नाव, नंबर कुणी दिला आणि कशासाठी लिहितोय, हे सरळ लिहा. तिला किंवा त्याला एक साधा प्रश्न विचारा. मग थांबा. निळी टिक दिसली म्हणून लगेच दुसरा मेसेज नको. उत्तर द्यायचं की नाही, हे समोरच्याला ठरवू द्या.

आई येडेश्वरी सगळ्यांना सरळ वाणी देवो. उदो उदो!