वचन आणि उंबरठा

धर्मग्रंथातील शिकवण आणि रोजचा संसार यांच्यात अंतर पडते ते माणसाच्या दुबळेपणामुळे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शिकवण स्पष्ट आहे, आचरण तेवढे अपुरे पडते, असा या समजुतीचा आशय. बायबल हाती घेऊन घर चालवू पाहणाऱ्या माणसाचा अनुभव मात्र निराळा असतो. त्याची पहिली अडचण आचरणाची नसून अर्थाची असते. आईबापांचा मान राख, असे दहा आज्ञांपैकी एक आज्ञा त्याला सांगते. जो आईबापांवर आपल्यापेक्षा अधिक प्रेम करतो तो आपला शिष्य होण्यास योग्य नाही, असे येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगतो. पुन्हा तोच येशू मार्काच्या शुभवर्तमानात, आईबापांच्या वाट्याचे धन 'कुर्बान' म्हणून देवाला वाहून मोकळे होणाऱ्यांची कडक शब्दांत कानउघाडणी करतो. देवासाठी घर सोडावे, की घराला अंतर देऊन देव मिळत नाही असे समजावे? दोन्ही बाजूंना वचन आहे. तेव्हा नुसते वचन पुढे करून प्रश्न सुटत नाही; ते कोणी, कोणाला उद्देशून आणि कोणाच्या जिवावर वाचले, हेही पाहावे लागते.

मराठी वाचकाला या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण टिळक दांपत्याच्या संसारात सापडते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी जवळ नव्हती आणि तिची संमतीही नव्हती. टिळकांच्या दृष्टीने हा सत्याच्या शोधाचा शेवट होता. घरदार, जात, आप्तेष्ट यांहून सत्य मोठे, ही मत्तयाची कठोर शिकवण त्यांनी अक्षरशः अंगीकारली. तिची किंमत त्यांनी स्वतः भरली, यात शंका नाही. परंतु तिचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी भरला, हेही तितकेच खरे. नवरा जिवंत असून घर मोडलेले, पदराशी लहान मूल, भोवती हळहळणारे आणि टोमणे मारणारे नातलग, अशा अवस्थेत त्यांनी पुढची वर्षे काढली. ज्या वचनाने टिळकांना मुक्त केले, ते वचन लक्ष्मीबाईंनी वाचलेलेही नव्हते.

टिळकांनी चूक केली काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. पत्नीच्या संमतीसाठी ते थांबले असते तर बहुधा आयुष्यभर थांबले असते; आणि ज्याला सत्य पटले त्याने ते लपवून संसार करावा, असे म्हणणे म्हणजे संसारालाच खोटेपणाच्या पायावर उभे करणे होय. म्हणून त्यांच्या निर्णयाला सरसकट दोष देता येत नाही. परंतु त्यांच्या निर्णयाचे मोल त्या एका दिवसावरून ठरत नाही, पुढच्या पाच वर्षांवरून ठरते. त्यांनी पत्नीला टाकले नाही, तिची वाट पाहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळेओवळे काही काळ टिकून होते. कठोर वचन टिळकांनी स्वतःसाठी वाचले होते. पत्नीसाठी त्यांनी धीराचे वचन राखून ठेवले.

आणि लक्ष्मीबाई आल्या त्या कोणत्या वाटेने? 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली. त्यांत हे स्थित्यंतर फार साधेपणाने सांगितले आहे. ईश्वरविषयक वादविवादाने त्यांचे मन वळले नाही. माणसामाणसांत शिवाशीव कोणी निर्माण केली, या विचाराने त्यांना गाठले. आधी जातिभेद गळून पडला, आणि नंतर १९०० मध्ये बाप्तिस्मा आला. म्हणजे धर्म त्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराने शिरला. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, हा ज्या बाईच्या दृष्टीने धर्माचा गाभा होता, तिने पाणी पिऊनच आपला नवा धर्म सिद्ध केला. पुढे त्याच घरात बालकवी ठोंबरे हिंदू राहूनच मुलासारखे वावरले. शेजाऱ्यावर प्रीती करा, या आज्ञेवर लक्ष्मीबाईंनी प्रवचने किती केली हे कोणी मोजलेले नाही. पाने मात्र पुष्कळ वाढली. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

टिळकांच्या आधी बावीस वर्षे पंजाबात याच प्रश्नाला एका निरक्षर माणसाने वेगळे उत्तर दिले होते. सियालकोट जिल्ह्यातील दित्त हा चूहडा जातीचा, पायाने अधू, कातड्यांचा लहानसा व्यापार करणारा माणूस. १८७३ मध्ये सॅम्युएल मार्टिन या मिशनऱ्याकडे त्याने बाप्तिस्मा मागितला आणि तो मिळताच घरी परत जाण्याची परवानगी मागितली. मार्टिन चकित झाले. नवख्रिस्ती माणसाने मिशनच्या आश्रयाला राहावे, आप्तांपासून दूर व्हावे, असा तेव्हाचा परिपाठ होता. दित्त परतला. नातलगांनी त्याची टर उडवली. त्याने ती सोसली आणि आपला व्यापार चालू ठेवला. काही आठवड्यांनी तो बायको, मुलगी आणि दोन शेजारी यांना घेऊन सुमारे तीस मैल पायी चालत पुन्हा मिशनच्या दाराशी आला. १८८१ मध्ये पंजाबात देशी ख्रिस्ती चार हजारांच्या आत होते. १९३१ च्या जनगणनेपर्यंत ही संख्या चार लाखांच्या घरात गेली. त्यामागे अनेक कारणे होती, अस्पृश्यतेचा जाच हे त्यांतले मोठे. पण ही वाट मुख्यतः नात्यागोत्यातून, वेढ्यावेढ्यातून गेली. मार्काच्या शुभवर्तमानात भूतबाधेतून मुक्त झालेला एक माणूस येशूबरोबर नावेत बसू पाहतो आणि येशू त्याला घरी, आपल्या माणसांत जायला सांगतो. दित्ताने ही कथा ऐकली होती की नाही, कोण जाणे. जगला मात्र तीच.

म्हणून घराकडे परतणे हेच एकमेव उत्तर, असेही नाही. त्याच पंजाबात रामपूर गावच्या शीख घराण्यातील सुंदरसिंगाला १९०५ मध्ये घर सोडावे लागले. त्याच्या सोळाव्या वाढदिवशी सिमल्याला त्याचा बाप्तिस्मा झाला आणि भगवी कफनी घालून तो भटकत राहिला. पित्याने त्याला झिडकारले होते. पुढे तोच पिता मुलाच्या श्रद्धेकडे वळला, असे चरित्रकार सांगतात. एकाला घर सोडणे भाग पडले, एकाला घरी परतणे. दोघांत समान ते एवढेच, की वचनाचे ओझे दोघांनीही आधी आपल्या खांद्यावर घेतले.

दित्ताचे सियालकोट १९४७ मध्ये पाकिस्तानात गेले आणि लाहोरही गेले. पंजाबला नवी राजधानी हवी होती, ती चंदीगड. ल कोर्ब्युझिएच्या आराखड्याप्रमाणे उभ्या राहिलेल्या या शहरात गावकुसाबाहेरचा वेढा नव्हता. मात्र सरकारी नोकरांच्या घरांचे हुद्द्याप्रमाणे तेरा प्रकार होते. सर्वांत खालच्या प्रकारालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अंगण मिळाले, हे पंजाबच्या खेड्याच्या मानाने थोडे नव्हे. पण जातीच्या जागी दर्जाने रेषा आखली आणि झाडू ज्यांच्या हाती होता त्यांच्याच हाती बहुतांशी राहिला. गुरुदासपूर, अमृतसरकडून आलेली पंजाबी ख्रिस्ती कुटुंबे शहराच्या लोकसंख्येत एक टक्क्याहूनही कमी आहेत. इमामुद्दीन शाहबाज यांनी पंजाबीत पद्यबद्ध केलेली स्तोत्रे, ज्यांना तिकडे 'ज़बूर' म्हणतात, ती उपासनेत आणि घराघरांतल्या प्रार्थनासभेत गायली जातात. आपल्याकडे टिळकांच्या भजनांचे जे स्थान, तेच तेथे ज़बुरांचे.

अशा घरांपुढे आज जो प्रश्न उभा आहे, तो टिळकांपुढे नव्हता. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने त्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या; दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली, २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. तोवर शाळेच्या अर्जावर धर्माच्या रकान्यात बापाने काय लिहावे? खरे लिहिले तर मुलाची शिष्यवृत्ती जाते, जात मात्र जात नाही. शेजारी त्याला पूर्वीच्याच नावाने ओळखतात. न लिहिले तर खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मोडते, आणि तीही मुलाच्या देखत. पंजाबात, तसेच महाराष्ट्रातही, कागदावर एक आणि घरात दुसरा धर्म असलेली कुटुंबे आहेत. हे उघड गुपित आहे.

उपदेशकाला येथे निर्णय सोपा वाटतो. पण जुन्या करारातील नामानाची कथा त्याला थोडे थांबवील. अरामी सेनापती नामान कुष्ठातून बरा होतो, इस्राएलाच्या देवाला मानू लागतो आणि निघताना अलीशा संदेष्ट्याला एक अडचण सांगतो: आपला राजा रिम्मोनाच्या देवळात आपल्या हातावर टेकून नमन करील, तेव्हा आपल्यालाही वाकावे लागेल, त्याची क्षमा व्हावी. अलीशा त्याला होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही; शांतीचा निरोप देऊन वाटेला लावतो. या मौनातून खोटेपणाची परवानगी काढणे चूक आहे. नामान वाकण्याला चांगले म्हणत नाही, तो क्षमा मागतो. पण ज्याला स्वतःला वाकावे लागत नाही त्याने वाकणाऱ्याला ताठ कण्याचा उपदेश करू नये, एवढे त्यातून निश्चित निघते. जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यांवर देणाऱ्या आणि स्वतः बोटही न लावणाऱ्या शास्त्र्यांविषयी येशू काय म्हणाला, हे तर प्रसिद्धच आहे.

मग कसोटी कोणती? स्वतःवर लादलेले वचन कठोर असावे आणि दुसऱ्याला लावलेले मृदू असावे, ही ती कसोटी. यावर कोणी म्हणेल की कुटुंबात असा हिशेब वेगळा करता येत नाही; बापाच्या प्रत्येक निर्णयाची किंमत मुले भरतातच. हे खरे आहे. म्हणूनच कसोटीची दुसरी बाजू येते: जे किंमत भरणार त्यांच्याशी निदान बोलले पाहिजे आणि त्यांच्यासाठी थांबले पाहिजे. टिळक आधी बोलले नाहीत, पण थांबले. अर्जावर खोटे लिहिणारा बाप मुलाशी काहीच बोलला नाही, तर मूल खोटेपणा तेवढा शिकेल. का लिहावे लागले आणि त्याची आपल्याला लाज का वाटते हे त्याने सांगितले, तर ते अन्यायही ओळखायला शिकेल, आणि कदाचित एक दिवस आपल्या हाताने तो रकाना खरा भरील. त्याची किंमत तेव्हा ते जाणून भरील, हा फरक लहान नाही.

लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत पतीला संत केले नाही आणि खलपुरुषही केले नाही. त्याच्या भोळेपणाला त्या हसल्या, त्याच्या हट्टावर रागावल्या, आणि अखेरपर्यंत त्याच्याबरोबर चालल्या. ज्याचे वचन घरच्या माणसाला इतक्या मोकळेपणाने तपासता आले, त्याचा धर्म घरात रुजला असे म्हणायला हरकत नाही.